गोळीला हात लावू नये

फ्लेक्सवर 'आंतरराष्ट्रीय'वरचा अनुस्वार राहून गेला होता,
तो मी सकाळी काळ्या मार्करनं दिला.
बाकीचे शब्द माझ्या हाताबाहेरचे:
पेशी-संकेतन, ग्राही, रेणू.
मग खुर्च्या पुसल्या, एकशे चाळीस,
बिछायतवाल्याकडच्या,
काहींच्या पाठीवर अजून कुणाच्या तरी हळदीचे पंजे.

मी सायखेड्याच्या कॉलेजात परिचर,
प्राणिशास्त्र विभाग, सव्वीस वर्षं.
बरणीतले बेडूक मी एकेक करून ओळखतो,
पाहुण्यांना मात्र बिल्ल्यावरून:
एक जपानचे सर, दोघे पुण्याचे,
आणि केनियाच्या वांजिरूबाई,
ज्यांनी पोह्यांवर तर्री मागून घेतली,
घाम पुसला,
आणि पुन्हा मागितली.

दिवसभर मी मागे उभा, पाण्याच्या जगजवळ.
ढोमणे मॅडम मधूनमधून मराठीत सांगायच्या,
पोरांसाठी, पण बघायच्या माझ्याकडे.
पेशी पेशीला निरोप धाडते.
निरोप गावभर फिरतो, सगळ्या रक्तातून,
दार ज्याचं त्याचंच उघडतं.
जपानी सरांनी एक आकृती दाखवली:
किल्ली आहे, कुलूपही आहे,
पण कुलूप आता किल्लीचं ऐकत नाही.
किल्ल्या वाढत जातात,
साखर दाराशी तशीच पडून.

वच्छलाची दोनशे ऐंशी. उपाशीपोटी.
सतरा वर्षं मी तिला म्हणत आलो,
तू लपून गोड खातेस.
ती म्हणायची, नाही जी.
मी डबे हुंगायचो.

जग भरताना थोडं पाणी टेबलक्लॉथवर सांडलं.

शेवटचं सत्र वांजिरूबाईंचं, संध्याकाळी सातला.
सव्वासातला लाइन गेली.
जनरेटरवाला मुनेश्वर डिझेल आणायला फाट्यावर गेला
तो गेलाच.
बाई थांबल्या नाहीत.
पडद्यावरचं सगळं पुसलं गेलं
तरी त्या बोलत राहिल्या,
आणि अंधारात मला त्यांची इंग्रजी
जरा जवळची वाटायला लागली,
कळत नव्हती, तरी.

तेवढ्यात मनगटावर काहीतरी बसलं.
मग बाहीवर. मग अजून दोन.
कुणीतरी मोबाइलचा टॉर्च मारला:
राखाडी, बोटाच्या नखाएवढे पतंग,
माझ्या उजव्या हाताभोवती, फक्त माझ्याच.
पोरं हसली.

खिडकीमागे देवतळ्यांची पऱ्हाटी, बोंडं धरलेली,
तिथले कामगंध सापळे सकाळी मीच बदलले होते.
पाकिटावर लिहिलं आहे,
गोळीला हात लावू नये.
पण हातमोजे होते चारच जोड,
ते पाहुण्यांसाठी ठेवलेले.

बाई व्यासपीठावरून उतरल्या,
माझी बाही दोन बोटांत धरून मोजू लागल्या.
अकरा. सगळे नर.
काहीतरी म्हणाल्या.
मॅडम म्हणाल्या, भगतजी, त्या म्हणतात
तुम्ही सकाळपासून एकच वाक्य बोलताय,
खूप मोठ्यानं,
या हॉलमध्ये ते ह्यांनाच तेवढं ऐकू येतंय.
कोणतं वाक्य, मी विचारलं.
'मी इथं आहे, ये.'

मी म्हटलं, पण ते खोटं आहे न बाई.
कारखान्यातलं आहे.
ह्यावर वांजिरूबाई बराच वेळ बोलल्या,
हळू, हात न सोडता.
मॅडमनी त्याचं मराठी केलं नाही,
मीही मागितलं नाही.
मग लाइन आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
कशासाठी ते नक्की ठरलं नव्हतं.

खुर्च्या रचून घरी पोचायला दहा झाले.
हात तीनदा धुतले होते, साबणानं, मग राखेनं.
कडी वाजवायच्या आधीच वच्छलानं दार उघडलं.
कायले उभे राह्यले भायेर?
मी तिथंच, उंबऱ्याअलीकडे, म्हणालो,
तू गोड खात नव्हती न.
ती बघत राहिली.
मग म्हणाली, आता सांगून राह्यले?
आणि वरण तापवायला आत गेली.
स्टोव्ह पेटायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

सदरा खुंटीला टांगला.
रात्री पाण्याला उठलो,
तर बाहीवर दोन, पंख मिटून.
दिवा लावला नाही.
चाचपडतच माठापर्यंत गेलो.
मागून तिचा आवाज आला, जागाच:
गिलास उजव्या हाताले हाय.